निष्पक्ष प्रवासी

२ मार्च
धाकट्या साडूने ट्रेन सिम्युलेटर गेमसाठी एक इंजिन बनवून फोरमवर टाकलं. चार दिवसांत अकराशे डाउनलोड. हा गेम त्याला दाखवला कोणी? मी. दिवसभर लोकांचे दात उपटणाऱ्या माणसाला एवढा वेळ मिळतो कुठून? आणि इंजिन कोणतं, तर सासरेबुवांनी एकतीस वर्षं चालवलेलं डिझेल. म्हणजे सगळा खटाटोप अठरा एप्रिलसाठी. सासरेबुवांची पंचाहत्तरी. मला जळायचं काही कारण नाही. नुसती नोंद करून ठेवतोय.

३ मार्च
संकल्प. त्याच गाडीचा पहिल्या वर्गाचा डबा मी बनवणार. इंजिन नुसतं ओरडतं, माणसं डब्यात बसतात. त्या दिवशी सासरेबुवा कोणाच्या कामाला मान डोलावतात ते बघूच. हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, आधी बाथरूमचा नळ बघा. पाणी खात्यात लोकांच्या तक्रारी नोंदवून घेणाऱ्या कारकुनाच्या घरी नळ गळतो, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

९ मार्च
डब्याचे पडदे पूर्ण. मरून रंग, प्रत्येकाला बारा चुण्या. चाकं नंतर. चाकांत काय, गोलच असतात.
साडूचे डाउनलोड एकोणीसशे. मुद्दाम बघितले नाहीत. दिसले.

११ मार्च
साडूचं इंजिन डाउनलोड केलं, केवळ अभ्यासासाठी. सलग तीन तास चालवलं. नऊ चुका! स्वतःच्या नावाने लिहिलं तर घरात तोंडं वाकडी होतील, म्हणून फोरमवर नवं खातं उघडलं. नाव ‘निष्पक्ष प्रवासी’. एक तारा दिला. लिहिलं की ब्रेक लावताच हवेच्या दाबाचा काटा धाडकन खाली येतो. मागे चौदा डबे असले की हवा सावकाश उतरते. हॉर्न बोगद्यातसुद्धा मोकळ्या रानात वाजवल्यासारखा वाजतो. वगैरे. शेवटी एक टोला: ज्या ड्रायव्हरने ही माहिती पुरवली, तो डुलक्या घेत गाडी हाकत असावा.
तक्रार कशी लिहावी यात माझा हात कोणी धरणार नाही. झोप उत्तम लागली.

१५ मार्च
साडूने सुधारित आवृत्ती काढली. नऊच्या नऊ चुका दुरुस्त. वर जाहीर आभार, ‘निष्पक्ष प्रवासी यांचे मनापासून’. काय हा निर्लज्जपणा! आणि तो डुलक्यांचा टोला त्याने सासरेबुवांना वाचून दाखवला म्हणे. म्हातारा खो-खो हसला, म्हणाला, माणूस बरोबर बोलतोय, काट्याचं सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.
लगेच आणखी सात चुका काढल्या. यावेळी फार बारीक.

१९ मार्च
सातही दुरुस्त.

२८ मार्च
डब्याला चाकं लावली. फिरत नाहीत. डबा रुळांवरून नुसता सरकतो. ही मागे उभी राहून बघत होती, म्हणाली, इस्त्री चालल्यासारखं वाटतं. तिने बहिणीला फोन केला. बहिणीने नवऱ्याला सांगितलं असणारच. फोरमवर कोणाला विचारावं का? नको. मी कोणाला विचारत नसतो.

५ एप्रिल
डबा तसाच अपलोड केला. जाणकार पडदे बघतात. डाउनलोड सहा. त्यातले चार माझे. एक प्रतिक्रिया आली: पडदे छान.
साडूचे चार हजार, वर पाच तारे. चुका मी काढायच्या आणि तारे याने गोळा करायचे. मी खड्डा खणला, त्याला त्यात पाणी लागलं.
संकल्प. निष्पक्ष प्रवासी कायमचा बंद.

६ एप्रिल
शेवटचं एकच लिहिलं. वायपर काचेवर जिथवर पोचतो त्याच्या पलीकडे धूळ हवी. एवढं मोठं इंजिन आणि काच नव्या चष्म्यासारखी. बघवेना.

१८ एप्रिल
पंचाहत्तरी. केक कापून झाल्यावर सासरेबुवांना साडूच्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. मागे आम्ही सगळे. त्यांनी गाडी सोडली, वेग घेतला, ब्रेक लावला. काटा सावकाश उतरला. सासरेबुवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, अस्साच उतरायचा. हे तुला जमलं कसं?
साडू म्हणाला, बाबा, श्रेय माझं नाही, त्या निष्पक्ष प्रवाशाचं.
सासरेबुवा म्हणाले, या माणसाने गाडी कानांनी ऐकलीय. असा एखादा जावई असता तर बोलायला सोबत झाली असती.
मला राहवेना. म्हणालो, तो मीच. वीस वर्षं जेवताना तुमच्या शेजारी बसून ऐकतोय.
मेव्हणी फस्सकन हसली. मग सगळेच. ही म्हणाली, अहो, काहीतरीच काय, केक खा. सासरेबुवांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, जावईबापू, आधी तुमच्या इस्त्रीला चाकं येऊ द्या.

१९ एप्रिल, सकाळी ७
पुरावा द्यायचाच. खातं उघडायचं, स्क्रीनशॉट काढायचा, सगळ्यांना पाठवायचा. मग बघू कोण हसतं.

सकाळी ७.२०
खात्यात साडूचा खासगी निरोप पडलाय, दहा तारखेचा. लिहितो, आपल्याला त्रास देतोय, पण माझ्या थोरल्या साडूंनी डबा बनवलाय, त्याची चाकं फिरत नाहीत. मी सांगितलेलं त्यांना आवडणार नाही. आपण अनोळखी आहात, आपलं ऐकतील. पंचाहत्तरीच्या आत जमलं तर बाबांना गाडी इंजिन-डब्यासकट चालवायला देता येईल. पडदे खरोखर सुंदर आहेत, आमच्या कोणाच्या हातून झाले नसते.
म्हणजे हा मनानेही चांगला निघाला. एवढंच राहिलं होतं.
स्क्रीनशॉट काढला नाही. निष्पक्ष प्रवाशाच्या नावाने उत्तर पाठवलं: क्षमस्व, चाकांतलं मला काही कळत नाही.