गोदूचा अवसर

मालवण, १९६६

चिरंजीव सत्यवान,

तुझं पत्र पोचलं. आईचं मरणाचं भय तुझ्या नव्या अमेरिकन औषधाने गेलं म्हणतोस, आणि वर तक्रार करतोस की वाडीने प्रयोग बिघडवला. शहाणाच आहेस.

तुझ्या आईचा, गोदूचा, कॅन्सर आपल्यालाही लागतो या समजुतीने दोन महिने कुणी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. मरताना सोबत कोण असेल, एवढं एकच गोदू विचारायची, "माका मराण येतला तेवा वांगडा कोण आसतला गो?"

तू ते भास घडवणारं औषध दिलंस आणि ती समुद्रात बुडून गेलेल्या तुझ्या वडिलांशी हसत बोलू लागली. गोदूच्या अंगात देवी आली असं समजून शेजारची हौसा ओरडली, "गोदूक देवीचो अवसर इलो!" बघता बघता सगळी वाडी नारळ घेऊन दारात. तू इंग्रजीत विनवण्या करत राहिलास आणि बायका गोदूचा हात स्वतःच्या डोक्यावर ओढून घेत राहिल्या.

औषध संध्याकाळीच उतरलं. दुसऱ्या दिवशी तू निघालास आणि गोदूने मला पुन्हा तेच विचारलं. दुपारी हौसा पेज घेऊन आली ती गोदूच्या अंथरुणावरच बसली. आता कुणी ना कुणी जवळ असतंच. तो प्रश्न गोदूने परत विचारलेला नाही. कॉन्व्हेंटात शिकलेली मी दारात अंगारा वाटते. आमच्या सिस्टर बघत्या तर छडीच घेत्या.

हे पत्र मी टाकणार नाही. हे वाचलंस तर तू हौसेला लगेच कळवशील की तो अवसर नव्हता, औषध होतं. खरं बोलायची खोड तुला मीच लावली ना, बाळा. गोदू आहे तोवर तो अवसरच असू दे.

तुझी,
द्वारकामावशी