कूलर नाई, कूलंट

१८ एप्रिल, शनिवार
पुन्हा कमी झालं! ते हिरवं पाणी — वर्षाली त्याले कूलंट म्हणते, इंजिन थंडं ठेवते म्हणे — डब्बीत खालच्या रेघेच्याही खाली. परवाच तं भरलं होतं! गाडीखाली खोक्याचा खरडा अंथरून पाह्यला, एक थेंब नाई. मंग जाते कुठं?

माही नात देवळीच्या मास्तरणींले रोज भाड्यानं वर्ध्याले नेते. जुनी का होईना, स्वतःच्या चारचाकीत! मीही दोनदा तिच्या बाजूले बसून गेली, चपला हातात धरून. हासते मले! "आजी, गाडी हाय, विहार नोय!" आता पोरीच्या पह्यल्या गाडीत चपला घालून शिरू का?

तिचा बाप, म्हणजे माहा हरिदास, तोंड वाकडं करून बसला. म्हणे, "एक डाव रस्त्यात थांबली का विकून टाकतो."

२० एप्रिल, सोमवार
मीच घोळ केला! सकाळी वर्षालीनं न्हाणीतून आवाज देला — "आजी, इंजिन थंडं हाय तवर कूलंट टाकून देजो." मी चार बकेटा कूलरमंधी ओतल्या! एप्रिलमंधी माणसाले दुसरं काय ऐकू येईन? निंगताना तिनं इचारलं, "टाकलं ना?" म्या म्हटलं, "टम्म भरला!"

सावंगीच्या अलीकडं काटा लाल, वाफच वाफ. मास्तरणी ऑटोनं गेल्या. भावना मॅडम म्हणे, "उद्यापासून बसनंच जातो बाई."

म्या हरिदासले सांगतलं, चूक माही हाय. "माय, तू मंधात पडू नको." त्यानं कारंजाच्या एका माणसाले फोनही लावला. रविवारी गाडी पाह्यले येते. पोरगी जेवली नाई.

२१ एप्रिल
जीव लागत नाई. दहा डाव डब्बी पाह्यली. तानबा मिस्त्री घरी आलता — "जयभीम जिजामाय. इंजिनातलं हेड गॅस्केट गेलं असन, पाणी आतच जळते. इंजिनच खोला लागन. गुरुवारी आणा. अन् गरम असतानी झाकणाले हात लावू नका, तोंड भाजन!" इंजिन खोलाचं म्हटल्यावर हरिदास ठेवते का गाडी!

२३ एप्रिल
सापडलं!!

तानबाकडे जाताना मी पुढं बसली. पायाले चिकट लागलं. खालची चटई वली! बोट लावून पाह्यलं — हिरवं! गोडसर वास. "थांबव, थांबव!" वर्षाली घाबरलीच.

तानबा आडवा होऊन आत घुसला. गाडीत गरम हवा देते त्या हीटरमंधून ते हिरवं पाणी आतल्या आत गळून राह्यलं होतं. बाकी साऱ्यायच्या पायात चपला-बूट, कोणाले कळन! तानबा म्हणे, "वर्ध्यात हीटर कोणाले लागते माय?" त्याचा पाइपच बंद करून टाकला. गॅस्केट चांगलंच निंगालं.

२५ एप्रिल
दोन दिवस झाले. डब्बी जशीच्या तशी! मास्तरणी पुन्हा आल्या, भावना मॅडमसुद्धा. तरी उद्या कारंजाचा तो माणूस येतेच.

२६ एप्रिल, रविवार
आला. हरिदास म्हणे, "गाडी पोरीची हाय. तिले इचारा." माहे डोळेच भरले!

अन् वर्षाली त्या माणसाले म्हणते, "देतो ना! हीटर बंद हाय, ते आधीच सांगतो. माह्या बाया वाढल्या — मले सात सीटची घ्याची हाय."