भरावाची माती उचलण्यापूर्वी

प्रति,
मा. विभागीय अभियंता,
रेल्वे मार्ग विभाग.

विषय : जुन्या लाकूडमार्गाच्या भरावाचे खोदकाम थांबविणेबाबत.
संदर्भ : "सदर ठिकाणी वस्ती असल्याची नोंद नाही" हे आपले उत्तर.

महोदय,

मी, या मार्गावरील मयत सांधेवाल्याची पत्नी, नम्रपणे कळविते की,

१. आपल्या दप्तरी आमची वस्ती म्हणजे 'लाकूड भरण्याची तात्पुरती जागा'. त्या तात्पुरत्या जागेत माझी तीन बाळंतपणे झाली. आधी झाडे तोडणारे आले, ओंडके न्यायला रेल्वे आली, मग करवतगिरणी, चाळी आणि एका खोलीची शाळा. जंगल संपले, गिरणी बसली, गाडी बंद झाली. गरज सरो, वैद्य मरो; पुढे दप्तरातही आम्ही उरलो नाही.

२. इथली जमीन नुसती खडक आणि मुळे. पडत्या झाडाखाली माणूस गेला, तर पहारीने वीतभर खड्डा होईना. मऊ माती एकच, रेल्वेने वाघिणी भरभरून आणलेली. मुकादमांनी डोळ्यांवर कातडे ओढले आणि आम्ही आमची माणसे भरावाच्या उतारात पुरली. डबे जोडताना चेंगरलेले माझे मालकही तिथेच आहेत. ड्रायव्हर तिथे आपणहून गाडी हळू करीत. गाडी इथे हळू का होते, अशी वरून विचारणा झाली तेव्हा मुकादमांनी "भराव कच्चा आहे" असे कळवले. कच्चा कसला, चांगला पक्का होता! पण आता तोच शेरा पाहून आपण भराव निकामी ठरवला आणि माती नव्या रस्त्याला देऊन टाकली.

३. आपले बाबू म्हणाले, "आजी, वस्तीच नव्हती, तर मेलं कोण?" मग मी विधवा कोणाची, हे त्यांनीच सांगावे.

४. मला भरपाई नको. आधी आमची हाडे आम्हाला काढू द्या. माझ्या मालकांवरून ट्रक जाऊ नयेत, एवढेच मागणे.

५. खोदायचे मशीन काल आले. मी त्याच्यासमोर बसून आहे. चालक भला माणूस आहे. पाणी आणून देतो आणि म्हणतो, "उठा ना आजी, माझी नोकरी जाईल." बापाचे नाव विचारले तेव्हा कळले, तो आमच्या करवतवाल्याचा मुलगा. रांगता असताना मावशीने त्याला शहरात नेले. आई टाकून गेली, असे त्याला सांगितलेले आहे. ती कुठेही गेलेली नाही. त्याचे मशीन उभे आहे, तिथेच खाली आहे. हे त्याला मी सांगावे की कार्यालयाने, तेवढे तरी त्वरित कळवावे.

आपली,
भरावावर बसलेली अर्जदार,
सांधेवाल्याची विधवा
(डाव्या हाताचा अंगठा)

दिनांक : सोमवार, मशीन आल्याच्या दुसऱ्या दिवशी
सोबत : मृत्यूचे दाखले जोडता आले नाहीत.