ओळखीचा मुलगा

हॅनोव्हर, फेब्रुवारी २००६

प्रिय दादा,

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. कीलला बोटीवर बटाटे सोलत होतो तेव्हा लिहिलं नाही, बर्लिनला उगाच जाऊन राहिलो तेव्हाही नाही. आत्तासुद्धा फोनच केला असता, पण फोनवर तू विषय बदलतोस, आणि मी वेड्यासारखा त्या बदललेल्या विषयामागे धावतो. मागच्या वेळी माझ्या व्हिसावरून भांडायला बसलो आणि शेवटी तूरडाळ कुठल्या तुर्की दुकानात बरी मिळते यावर बोलत राहिलो. कागदावर तुला ते जमणार नाही. रविवारचा राग आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

राग आइस हॉकीच्या मॅचचा नाही, हे आधी सांगून टाकतो. तू युनिच्या, म्हणजे विद्यापीठाच्या बाजूला बसलास ते बरोबरच होतं, तुझी इन्स्टिट्यूट युनिची. आमची फाखहोखशूल, कामाचं शिक्षण देणारं कॉलेज, म्हणजे तुमच्या लेखी पाने-हातोडेवाले. तुमची पोरं स्टँडमधून गाणं म्हणत होती की उद्या तुम्हाला आमच्याच हाताखाली यायचंय, आणि आमची ओरडत होती की आधी सायकलचं पंक्चर काढून दाखवा. ब्राउनश्वाइग आणि क्लाउसथालवाले दुपारीच गारद झाले होते, पण त्यांच्याकडे बघायला कोण आलं होतं? सगळ्या गावाला फायनल पाहिजे होती ती याच दोघांची.

तू वरून बघितलंस, म्हणून खालून काय दिसत होतं ते सांगतो. मी गोलकीपर कसा झालो हे तू विचारलंच नाहीस. आमचा पहिला कीपर तापाने आडवा, दुसऱ्याने गुडघा सुजवून घेतला. मी शनिवार-रविवार त्याच आइसहालेत, त्या बर्फाच्या हॉलमध्ये, बुटांच्या खिडकीवर असतो, लोकांना स्केट्स द्यायचे, परत घ्यायचे, आत हात घालून ते वाळलेत का बघायचं. वास विचारू नकोस. रात्री हॉल रिकामा झाला की पडत-झडत बर्फावर उभं राहायला तिथेच शिकलो. आमचा कॅप्टन टॉर्स्टन खिडकीशी आला आणि म्हणाला, तू भाषेच्या कोर्सला आमच्याकडेच आहेस ना, मग नियमात बसतोस. कधी काही अडवलंयस का आयुष्यात? मी म्हटलं, बल्लारपूरला विकेटकीपर होतो. त्याला ना बल्लारपूर कळलं ना विकेट, पण त्याने पॅड माझ्या अंगावर फेकले.

आणि खरं सांगू का, मला भीती वाटली नाही. पेपर मिलच्या मागच्या मैदानावर तू मला ओला टेनिस बॉल टाकायचास, वरच्या आळीची पोरं कुंपणावर बसून काय काय बोलायची, मी रडकुंडीला यायचो. तू म्हणायचास, ‘चेंडूकडे बघ, माणसांकडे बघू नकोस.’ रविवारी तेच केलं. तीन गोल खाल्ले, पण अडवले त्याहून कितीतरी जास्त. मग चौथा आला, अगदी शेवटी, माझ्या डाव्या पायाखालून. तू उभा राहून टाळ्या वाजवल्यास. मी बघितलं. त्याचाही राग नाही, तुमची बाजू जिंकली होती.

मॅच संपली की इथे दोन्ही संघ रांगेत उभे राहतात, ते तू बघितलंसच. ज्याने मला दोनदा कोपर मारलं होतं, तो राक्षस समोर आला, हातमोजा काढला, माझा हात धरला, डोळ्यात बघितलं आणि गुट गेमाख्ट, छान केलंस, म्हणून पुढे गेला. प्रत्येकाने. मोजा काढून. मोजा घालूनच हात पुढे केला तर तो अपमान धरतात, टॉर्स्टनने आधीच बजावलं होतं.

मग मी कठड्याशी आलो. तू खाली उतरला होतास, तो काळा कोट, ते चामड्याचे हातमोजे. बाजूला पुण्याचे ते सुधीर आणि त्यांची बायको कादंबरी, ज्यांच्याकडे तू रविवारी जेवायला जातोस आणि जिथे मला आजवर कधी नेलं नाहीस. मला तेव्हा यातलं काहीच सुचलं नाही. मी हरलो होतो, घामाने चिंब होतो, आणि समोर माझा भाऊ होता. मास्क वर केला, हात जोडले, आणि घरी दारात पाऊल टाकताना जे म्हणतो तेच म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण तिथे गोंगाट होता. ‘जय भीम, दादा.’

तू म्हणालास, ‘हालो. गुट गेश्पील्ट.’ छान खेळलास, तेही जर्मनमध्ये. हात खिशात. आणि कादंबरीने विचारलं हा कोण, तेव्हा तिच्याकडे वळून, अगदी शांतपणे, जसं काही हवामान सांगतोयस, ‘ओळखीचा मुलगा आहे.’

दादा, आपली नाकंसुद्धा सारखी आहेत रे.

तू म्हणशील, तुला काय कळतं, तू दोन वर्षं कॉलेज करून सोडलंस, आज इथे उद्या तिथे, तुला कोण विचारतंय कुठला म्हणून. खरंय. मला कळतं तेवढं सांगतो. पुण्याच्या होस्टेलवर तुझ्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो बघून तुझा रूममेट दुसऱ्या दिवशी खोली बदलून गेला, हे तू आईला नाही, मला सांगितलं होतंस, गच्चीवर, माझ्याकडे पाठ करून. मी लहान होतो, पण विसरलो नाही. आपलं वानखडे आडनाव आपल्यात आणि त्यांच्यात, दोन्हीकडे चालतं, तेव्हा इथे कोणी खोदून विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस, तेही समजतं. राजानंदचा राजन झालास, तेही मी गिळलं, जर्मनांच्या जिभेला जड जात असेल म्हणून. पण त्यांना नाही जड जात. टॉर्स्टन मला विचारत होता, तुझा भाऊ राजानंद आला होता का? नीट म्हणतो तो, चारही अक्षरं. बाबांनी भन्तेजींना विचारून, विहारात सगळ्यांसमोर ठेवलेलं नाव जर्मन माणूस पूर्ण म्हणतो, आणि मराठी घरात जेवायला जाताना तू अर्धं करून नेतोस.

आणि तरी हे सगळं मी पचवलं असतं. पुढचं तुला माहीत नाही. तू गाडी आणायला गेलास, मी कपडे बदलून बटाट्याच्या कापांच्या रांगेत उभा होतो (त्यांच्यावर मेयोनेज घालतात, मला अजून झेपत नाही), तर कादंबरी माझ्याजवळ आली. चांगली बाई आहे. म्हणाली, छान खेळलास हं, आणि मग, तू राजनच्या गावचा का? बघ, इतकंच विचारलं. कदाचित तिला काही फरक पडलाही नसता. माझ्या मागे रांग, आणि मी म्हणालो, ‘हो, ओळखीचाच आहे.’ तू खोटं बोललास ते तुझं तू बघ. पण तू माझ्या तोंडून ते वदवलंस. बाबा गेले तेव्हा तुझं बोट धरून स्मशानात गेलेल्या पोराच्या तोंडून. कापं तशीच कचऱ्यात टाकली. उपाशी झोपलो.

त्यानंतर वाटलं होतं तू फोन करशील. काल केलास. मला वाटलं, आला बाबा ताळ्यावर. तू मॅचबद्दल बोललास, थंडीबद्दल बोललास, आणि मग म्हणालास की मार्चमध्ये आई येतेय, सुधीरची गाडी मोठी आहे म्हणून ते दोघंही विमानतळावर येणार आहेत, तेव्हा आईला जरा तू समजावून सांग, इथे लोकांसमोर नमस्कार म्हण म्हणावं, तुझं ती ऐकते. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. हे पत्र त्या बरंचं उत्तर आहे. मी सांगणार नाही. जी बाई फोन उचलून हॅलोच्या जागी जय भीम म्हणते, एसटीच्या कंडक्टरला म्हणते, दवाखान्यात सलाइन लावलेल्या हाताने म्हणते, तिला, मीराबाई वानखडेला, जाऊन मी सांगू की तुझ्या मोठ्या मुलाला इथे ते ऐकायचं नाही? तुला सांगायचं असेल तर तू सांग, तिच्या तोंडावर सांग. मी तोवर ब्रेमरहाफेनला गेलेलो असेन, बंदरात काम मिळतंय. ती त्या काचेच्या दारातून बाहेर येईल, नऊवारीवर स्वेटर, पायात माझे जुने बूट, आणि लांबूनच हात जोडून म्हणेल, मोठ्याने, कारण तिला वाटेल एवढ्या गर्दीत तुला ऐकू जाणार नाही. तेव्हा तुझ्या बाजूला कोण उभं आहे ते बघू नकोस. चेंडूकडे बघ, दादा, माणसांकडे नको. आणि हातमोजे काढ.

तुझाच, ओळखीचा नव्हे, पाठचा,
विपुल