डिकीतल्या चटया आणि मोसेसे दादाची किल्ली

माझ्या थोर, दानशूर आणि (देवाच्या दयेने) समुद्रापलीकडे राहणाऱ्या मोसेसे दादाला धाकट्या पौलिआसीचा कमरेत वाकून नमस्कार.

वहिनीचं कंबरदुखीचं कसं आहे? ऑकलंडच्या थंडीत तुझे गुडघे फार धरत नाहीत ना? तुझी मला रोज आठवण येते रे, विशेषतः सकाळी, तू पाठवलेल्या गाडीत बसून किल्ली फिरवतो तेव्हा. इथे टोंगात सगळे धडधाकट. आईला नव्या चष्म्याने लांबचं दिसतं (जवळचं दिसत नाही, पण तिला लांबच्याच भानगडी बघायच्या असतात), डुकरी व्यायली, आणि आमच्या लेकीचं, लाविनिआचं, लग्न पुढच्या शनिवारी ठरलंय. आजारी आहे ती एकटी तुझी गाडी. हे फोनवरच सांगणार होतो, पण गाडीचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते. म्हणून हे पत्र. आज दुपारच्या विमानाने आपला सायमोने येतोय, त्याच्या हाती देतोय.

गाडी बोटीतून उतरली तेव्हा अख्खं गाव धक्क्यावर लोटलं होतं. काय तो रुबाब! कातड्याच्या सीटा, लाकडाची चकचकीत पट्टी, आणि सीट गरम करायचं बटण! (इथे! जिथे दुपारी सीटवर बसलेला माणूस आपोआप उठून उभा राहतो!) पाळकसाहेबांनी तुझं नाव घेऊन इतकी लांब प्रार्थना केली की भट्टीतली डुकरं करपली. तिकडे तुझ्या चर्चमध्येही म्हणे तू उभा राहून जाहीर केलंस, ‘धाकट्याला आलिशान गाडी दिली’, आणि टाळ्या पडल्या. पडणारच. टाळ्या वाजवणाऱ्यांना ती सुरू करायची नव्हती.

मग तिने गुण दाखवायला सुरुवात केली. डावीकडे वळलं की हॉर्न वाजे. हॉर्न दाबला की वायपर फिरत. पाऊस आला की खिडक्या आपण होऊन खाली. समोरच्या पडद्यावर लाल जर्मन अक्षरं उमटत, ती कुणाच्या बापाला वाचता येईनात. पाळकसाहेब म्हणाले, पश्चात्ताप करा असंच काहीतरी लिहिलेलं असणार. रात्री मुळ्यांचा कावा पीत बसतो त्या बैठकीत गाडीवर इतकी चर्चा झाली की राजकारण मागे पडलं. कुणी म्हणे फ्यूज, कुणी म्हणे सेन्सर, कुणी म्हणे दादाने विकत घेतानाच हे पाहायला हवं होतं (तो मीच). शेवटी होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माकिसी पुढे सरसावला. त्याने हॉर्नची वायर तोडली. तेव्हापासून हॉर्न वाजतच नाही, आणि डावीकडे वळलं की दिवे जातात.

आता मुख्य दुखणं ऐक. लग्नात लाविनिआच्या आत्याला, म्हणजे आपल्या उइनिसे अक्काला, मानाच्या चटया द्यायच्या. आजीने विणलेल्या त्या रेशमासारख्या चटया. घरात उंदीर झालेत, तेव्हा मी म्हटलं, गाडीच्या डिकीत ठेवू. कोरडी, गालिचा घातलेली डिकी, तिला तरी काही काम! पण बायका त्या बघायला दिवसभर डिकी उघडायच्या, आणि चटया इतक्या खच्चून भरलेल्या की झाकण नीट बसायचं नाही. आतला दिवा रात्रंदिवस जळत राहिला. आम्हाला वाटलं, चटयांसाठीच लावलाय. मग एके दिवशी माकिसी आपल्या पूर्ण वजनानिशी झाकणावर बसला, खट्ट झालं, झाकण बसलं आणि दिव्याने चाटून पुसून खाल्लेली बॅटरी मेली.

ते कळलं रविवारी, चर्चला निघताना. रविवारी आपल्याकडे पान्याला हात लावणंसुद्धा पाप. ढकलू या म्हटलं, तर ढकलणं म्हणजे श्रम की नाही यावर दारातच वाद. पाळकसाहेबांनी निवाडा दिला, चर्चकडे ढकलणं ही भक्ती, घराकडे ढकलणं हे काम. त्यामुळे जाताना सगळे पुरुष कोटटाय घालून घाम गाळत ढकलत गेले आणि गाडी रात्रभर तिथेच उभी राहिली. (ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही, हे आम्हाला त्यानंतर कळलं. भक्ती मात्र झाली.)

सोमवारी बॅटरी बदलायला गेलो. आणि दादा, तुझ्या या गाडीची बॅटरी कुठे आहे ठाऊक आहे? डिकीत! आणि डिकी उघडते कशावर? बॅटरीवर! ज्याने हे डोकं लढवलं त्याला एकदा जेवायला बोलवायचंय मला. पुढे बॉनेटखाली दुसरी बॅटरी जोडायची जागा असते, तिथे माकिसीने होडीची बॅटरी आणून जोडली, ती उलटी. निळा धूर निघाला. त्यानंतर गाडीने ब्रही काढलेला नाही. मागची सीट काढली तर मागे पोलादी पत्रा. माकिसी म्हणाला, डिकी कापतो. मी म्हटलं, मेल्या, ठिणगी पडली तर आजीच्या चटयांची राख होईल! तसा तो चिडून होडीकडे निघून गेला.

डिकीला नंबरप्लेटच्या वर छोटं कुलूप आहे. तू पाठवलेली किल्ली त्यात जाते, फिरत नाही. शहरातल्या गॅरेजवाल्याने किल्ली बघितली आणि हसला. म्हणाला, ही हॉटेलातल्या पोऱ्याला द्यायची किल्ली, गाडी लावण्यापुरती. मालकाचं सामान त्याने चोरू नये म्हणून हिने डिकी उघडत नाही. म्हणजे दादा, आपल्या सख्ख्या भावाला तू पोऱ्याची किल्ली दिलीस! लाविनिआ दोन घास खात नाही. आत्याचा मान झाला नाही तर लग्नात मान खाली घालावी लागेल, ती जन्मभर. पोरीचं तोंड बघून मला रडू आलं, खोटं नाही सांगत.

असो. तू दिलंस, प्रेमाने दिलंस, आम्ही ऋणी आहोत. सर्वांना नमस्कार आणि मुलांना मुके.

तुझा आज्ञाधारक,
पौलिआसी

ता. क. खरं काम एवढंच. मालकाची किल्ली, ती चंदेरी बिल्ल्याची, तुझ्याकडेच आहे. खोटं बोलू नकोस. गाडी इथे आणि तू किल्ली अजून तिकडे चर्चच्या चहाला टेबलावर आपटून ठेवतोस, असं मागच्या खेपेला तिकडून आल्यावर सायमोनेच सांगत होता. परत येताना त्याच्याबरोबर दे.

ता. क. २. घोटाळा झाला. वरचं लिहीत असताना अक्का आली आणि मला कबूल करावं लागलं. ती रागावली नाही. म्हणाली, ‘चटया माझ्या, मग ज्यात चटया आहेत ती डिकी माझी, आणि डिकी काय गाडीपासून वेगळी करता येते का?’ अक्काने मागितल्यावर भावाने नाही म्हणायचं नसतं. (तुझा टीव्ही आठव. माझा फ्रीज आठव.) माकिसीचा ट्रक बोलावून गाडी तिने दोराने ओढून आपल्या अंगणात नेली.

ता. क. ३. किल्लीच्या बाबतीत ती कुणावर विश्वास ठेवत नाही. सायमोनेचं तिकीट तिने मागून घेतलं, बिचारा काय म्हणणार! नाव बदलून झालं. हे पत्र तीच आणतेय. पाकीट मी चिकटवलंय, पण तिने फोडायला मागितलं तर? पत्र हाती पडताच किल्ली काढून तिच्या हातावर ठेव. गुरुवारी ती परत आली की लग्नाला आमचं सगळं सुरळीत.

ता. क. ४. एक राहिलंच. तू नवी गाडी घेतलीस हे माझ्या तोंडून निघून गेलं. अक्काने एवढंच विचारलं, तिचा रंग कुठला.