रेघेखालचं नाव

केदारखेडा, ४ मे १९३२

एकदाचा पोचलो. भोकरदनहून बैलगाडीने हाडं खिळखिळी झाली, पण गावची माणसं लाघवी आहेत. पटकीची साथ आहे म्हणून आरोग्य खात्याने मला धाडलं आहे. विहिरींत औषध टाकायचं आणि चावडीच्या भिंतीवर सूचना लिहायच्या. घरी बायकोचे, जयवंतेचे, दिवस भरत आलेत, तेव्हा काम उरकून जल्दी जालन्याला परतायचं.

आल्या आल्या गेरूने टपोरं लिहिलं, की विहिरीवर म्हैस धुवू नये. ‘म्हैस’खाली झकास रेघ ओढली. महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ हवीच, नाहीतर लोक सगळं सारखंच वाचतात. शेवटी सही, आणि सहीखालीही रेघ. त्याशिवाय माझा हात थांबतच नाही.

गावात कुणालाच वाचता येत नाही, हे मागाहून कळलं. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मरीआईचा पुजारी भुजंग मात्र चौकस. वरची रेघ कशाखाली आहे, एवढंच त्याने विचारलं. मी सांगितलं.

५ मे

आसराबाईची म्हैस मरीआईपुढे कापली. रक्त ओढ्यापर्यंत गेलं. वाईट वाटलं, पण साथीत माणसं काय करतील याचा नेम नसतो.

आज लिहिलं, पुंजारामच्या घरी पटकी आहे, तिथलं पाणी पिऊ नये. नावाखाली ठळक रेघ. भुजंगाने पुन्हा विचारलं, मी वाचून दाखवलं. मग त्याने सहीकडे बोट केलं. ते माझं नाव, इंद्रभान, म्हणालो. त्याने चक्क माझे पाय धरले. संध्याकाळी झुंबरबाईने पुरणपोळी पाठवली. इथे माणसाची कदर आहे.

७ मे, सकाळ

पुंजाराम मरीआईच्या दगडावर पडला होता. मान नुसत्या कातडीला लोंबत होती. टाचांखाली गेरूची रेघ. त्याची बायको तुळजाबाई किंचाळत होती, तिला चौघांनी धरलं होतं.

मी भुजंगाची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, “बळीच्या पायाखाली रेघ मारायची रीत हाय, साहेब. रेघ मारली की ते आईला दिलं. तुम्हीच दिलं न्हाई का?”

रेघ म्हणजे फक्त इकडे लक्ष द्या, असं मी ओरडून सांगितलं. आईचं लक्ष आहेच, म्हणाला.

मग मला माझी सही आठवली.

दुपार

पुसायला गेलो. भिंतीपुढे नारळ, हळदकुंकू. बायका माझ्या पाया पडल्या. वाटेवर माणसं उभी. कुणी मारत नाही, शिवी देत नाही, नुसतं जाऊ देत नाहीत. पुन्हा खोलीत आणून सोडलं. गळ्यात हार घातलाय. भीती वाटते. जयवंते, मी फक्त सही —

दार उघडलं. कुऱ्हाड बाहेर भिंतीला टेकवली आहे. भुजंग उंबऱ्यापासून गेरूची रेघ ओढत येतोय. सरळ. माझ्यापेक्षा सरळ.

मी पाय खाटेवर घेतलेत. रेघ थांबत नाही — खाटेखालून —