माझा दीड आणि आत्याचा फोन

नारायणगुडा, हैदराबाद
११ जुलै १९९५

तीर्थस्वरूप तारामतीआत्यास सरोजचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मी मजेत आहे, असं लिहून खोडलंय. (खोडलेलं वाचू नकोस.)

परागच्या लग्नात तू सगळ्यांना सांगितलंस, सरोजला पित्ताचा त्रास आहे. त्यानंतर चार घरांतून मोरावळा आला. मी तो खाल्ला, उत्तम होता. पण मला डिप्रेशन आहे, आणि तीन वर्षांत चार औषधांना ते बधलेलं नाही. म्हणून इथल्या एका इस्पितळात नव्या औषधावर संशोधन चाललंय, त्यात मी नाव घातलं. माझी कॅप्सूल खरी की पोकळ, हे मलाही ठाऊक नाही आणि डॉक्टर मूर्तींनाही. (रविवारी तांदूळ निवडताना मी चक्क गुणगुणले. कॅप्सूल पोकळ असेल तर हे गुणगुणणं कुणाच्या नावावर मांडायचं, यावर डायरीत दोन पानं झाली.)

दर गुरुवारी एक फॉर्म भरायचा. ‘या आठवड्यात जगणं नकोसं वाटलं का?’ शून्य ते तीन. मी दीड लिहिलं आणि पुरावा म्हणून डायरीची अकरा पानं उतरवून जोडली. डॉक्टर म्हणाले, “सरोजम्मा, आधा नक्को. एक बोलो या दो.” मी सांगितलं, मंगळवारी दोन होतं, बुधवारी एक, खोटा आकडा मी लिहिणार नाही. मागे रांग खोळंबली. तीत आपले नामदेवराव वकील पेपरआड तोंड लपवून होते. पित्त का, असं त्यांनी हळूच विचारलं. नाही, डिप्रेशन, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी केली आणि अर्धा आकडा सगळ्यांना चालतो का, अशी चौकशी केली.

शेवटी डॉक्टरांनी दीड मान्य केला. मी जिंकले. पण अकरा पानं त्यांनी खरंच वाचली. मग विचारलं, मंगळवारी कुणाला सांगितलं? मी म्हटलं, डायरीला.

“डायरी फोन उठाती क्या, सरोजम्मा?”

फोन उचलणारं एक घरचं माणूस असल्याशिवाय ते मला पुढच्या गुरुवारपासून संशोधनात ठेवणार नाहीत.

आता पित्त बंद, आत्या. कुणी विचारलं तर खरं सांग, नाहीतर मी सांगेन.

तुझी भाची,
सरोज

ता. क. फॉर्मवर तुझा नांदेडचा नंबर दिलाय. आधी विचारायला हवं होतं, हे कळतं. तू नको म्हणाली असतीस, तरी दिला असता.

आणखी एक. ‘डायरीला’ हे उत्तर पुरतं खरं नव्हतं. दुपारी झोपताना तू रिसीव्हर बाजूला काढून ठेवतेस. मंगळवारी मी बूथवरून तुला तीनदा फोन लावला होता. तेवढा रिसीव्हर जागेवर ठेवत जा.